मॅरेथॉनच्या दिवशी मुहूर्त

मकर संक्रांत आटोपली की आमच्या मुंबईत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. धनुर्मास संपल्यामुळे लग्नाचे मुहूर्त निघू लागतात आणि जानेवारीतला तिसरा रविवार जवळ आल्यामुळे शहराला धावण्याचे वेध लागतात. या दोहोंची गाठ पडते हा योगायोग नव्हे, हे साधे गणित आहे. संक्रांत चौदा किंवा पंधरा तारखेला, आणि महिन्यातला तिसरा रविवार पंधरा ते एकवीस यांच्या दरम्यानच कोठे तरी पडायचा. म्हणजे तिळगुळाचा डबा अजून रिकामा झालेला नसतो, बायकांची हळदीकुंकवे चाललेली असतात आणि त्यातच मॅरेथॉन येऊन उभी राहते. २००४ साली पहिली शर्यत झाली ती फेब्रुवारीत; पुढच्या वर्षी ती जानेवारीत आली आणि तिथेच रमली. साथीमुळे २०२१ आणि २०२२ साली तिला विश्रांती मिळाली, तेवढीच.

माझ्या पुतणीच्या लग्नाचा मुहूर्त निघाला तो १९ जानेवारी २०२५ चा, रविवारचा, सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांचा. कार्यालय ठाकूरद्वारापाशी. दादा आनंदाने पत्रिकेचा मजकूर घेऊन माझ्याकडे आला. घरात मराठीची प्राध्यापिका असली की पत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तिच्या गळ्यात पडतात. मी मजकूर वाचला, तारखेवर बोट ठेवले आणि म्हटले, "दादा, या दिवशी मॅरेथॉन आहे." दादा म्हणाला, "असू दे की. आपण कुठे धावणार आहोत?" वहिनी मात्र चटकन खाली बसली. तिची आई, आमच्या सगळ्यांच्या माई, वाळकेश्वरला राहतात. वय ८६, गुडघे कामातून गेलेले, आणि नातीच्या डोक्यावर पहिली अक्षता आपली पडावी एवढी एकच इच्छा त्या गेली चार वर्षे बोलून दाखवत होत्या.

कार्यालय बदलणे शक्य नव्हते, मुहूर्त बदलणे त्याहून अशक्य. मग दादाने जे काम कोणालाच नको होते ते माझ्याकडे दिले: दोन्हीकडची दोनशे माणसे त्या सकाळी ठाकूरद्वारापर्यंत आणायची कशी?

आपल्या शहरात मोठे सामने नवे नाहीत. वानखेडेवर सामना असला की चर्चगेटच्या बाजूला काय होते हे प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. २ एप्रिल २०११ ची विश्वचषकाची ती रात्र घ्या, किंवा ४ जुलै २०२४ ला जिंकून आलेल्या संघाची मरीन ड्राइव्हवरून निघालेली मिरवणूक घ्या. त्या दिवशी माझ्या वर्गातली निम्मी मुले समुद्रावर होती आणि उरलेली निम्मी चर्चगेट स्टेशनात अडकली होती. पण सामना म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. गर्दी एका जागी जमते, ठरल्या सुमाराला सुटते. तेवढी वेळ आणि तेवढी जागा टाळली की झाले. तिथे घड्याळ पाहून भागते. मॅरेथॉन ही रेषा आहे. बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटरची एक दोरी पहाटे काळोखात शहरावरून ओढली जाते आणि दुपारी सोडली जाते. तुम्ही दोरीच्या या बाजूला आहात की त्या बाजूला, एवढाच प्रश्न. तिथे घड्याळाच्या आधी नकाशा उघडावा लागतो.

म्हणून मी नकाशा उघडला. शर्यत निघते ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून. मरीन ड्राइव्ह, चौपाटी, बाबुलनाथ, केम्प्स कॉर्नर, पेडर रोड, हाजी अली, वरळी असे करीत सागरी सेतूवरून वांद्र्याला जाते आणि माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवीवरून पुन्हा दक्षिणेस येते. तपशील वर्षावर्षाला थोडेफार बदलतात, पण मुख्य अंग हेच. आता गंमत पाहा. ही सगळी रेषा शहराच्या पश्चिम किनाऱ्याने जाते. चर्चगेटच्या पुढे मरीन लाइन्स आणि चर्नी रोडपर्यंत मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव यांच्या मधोमध पश्चिम रेल्वेचे रूळ आहेत. रुळांच्या समुद्राकडच्या अंगाला शर्यत आणि जमिनीकडच्या अंगाला आमचे कार्यालय! रेल्वे ही एरवी शहराला जोडते म्हणतात. त्या सकाळी मात्र ती आमच्या बाजूची भिंत झाली, आणि भिंतीला दारे होती ती स्टेशनांची. चर्नी रोडला पूर्वेकडे उतरणाऱ्या माणसाला शर्यत दिसायचीसुद्धा नाही.

हे कळल्यावर निम्मे काम झाले असे मला वाटले. पण माणसांना ते सांगायचे कसे, हे दुसरे निम्मे अधिक अवघड निघाले.

वाहतूक पोलिसांची सूचना दोन-चार दिवस आधी निघते. तिची भाषा मी वर्गात उदाहरण म्हणून वापरावी अशी असते. 'सदर', 'प्रतिबंधित', 'पर्यायी' आणि 'अंमल' यांची गर्दी जाऊ द्या; खरी अडचण रस्त्यांच्या नावांची. सूचनेत नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असतो, तो म्हणजे मरीन ड्राइव्ह. डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग म्हणजे पेडर रोड. महर्षी कर्वे मार्ग म्हणजे जुन्यांचा क्वीन्स रोड, वीर सावरकर मार्ग म्हणजे कॅडल रोड, आणि डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हटल्यावर जो भांबावतो त्याला लॅमिंग्टन रोड म्हटले की तो लगेच दुकानांची नावे सांगू लागतो. ही थोर नावे रस्त्यांना दिली हे योग्यच झाले.  पण अडचणीच्या दिवशी निघणाऱ्या सूचनेत दोन्ही नावे शेजारी शेजारी छापली तर लोकहितच साधेल. म्हाताऱ्या माणसांना जुनी नावे ठाऊक, तरुणांना कोणतीच नाहीत, ती फोनवरच्या निळ्या रेघेवरून चालतात. आणि ती रेघ पोलिसाने नुकत्याच आडव्या लावलेल्या कठड्यापाशी नेऊन सोडते.

तेव्हा पत्रिकेबरोबर मी एक चिठ्ठी छापून घेतली. वरपक्ष डोंबिवलीचा. त्यांच्यासाठी लिहिले ते असे: 'जलद गाडीने दादरला उतरा. पूल चढून पश्चिम रेल्वेकडे या. चर्चगेटकडे जाणारी धीमी गाडी घ्या. जलद गाडी चर्नी रोडला थांबत नाही. तिथून सहावे स्टेशन चर्नी रोड. उतरल्यावर समुद्राकडे पाठ करा आणि चालू लागा.' फलाटांचे क्रमांक मुद्दामच घातले नाहीत. पूर्वी दादरला मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचे क्रमांक एकपासून सुरू होत. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे फलाट आठपासून मोजायला लागले. ज्यांच्या डोक्यात जुना हिशेब पक्का आहे त्यांना नवा क्रमांक सांगणे म्हणजे लग्नाआधीच दोन घरांत वाद लावून देणे.

व्याहीबुवांनी एक रास्त शंका काढली. "थेट सीएसएमटीला उतरून टॅक्सी केली तर?" एरवी हाच रस्ता. पण त्या दिवशी शर्यत जिथून निघते तिथेच उतरायचे आणि साठ हजारांच्या वर धावणाऱ्यांच्या त्या लोटातून शालू-पैठण्या नेसलेल्या बायका आणि रुखवताचे हारे घेऊन टॅक्सी शोधायची! त्यांना मी सांगितले, "टॅक्सीच हवी असेल तर भायखळ्याला उतरा, तिथून आत येणारे रस्ते शर्यतीच्या वाटेत नाहीत." पुण्याहून मोटारीने येणाऱ्यांनाही हाच मंत्र दिला: शीवहून आंबेडकर रोडने भायखळा, आणि तिथून गिरगाव. पूर्वेकडून या, पूर्वेकडूनच परत जा. आचाऱ्याचा टेम्पो शनिवारी रात्रीच आणून उभा करवला. फुले दादरच्या बाजारातून पहाटे एक मुलगा लोकलने घेऊन आला.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आहे आणि तिचे एक स्टेशन गिरगावातच आहे. शर्यत वरून जावो की खालून, तिला काही फरक पडत नाही. रविवारी पहिली गाडी किती वाजता सुटते ते मात्र आधी पाहून ठेवावे. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

आता माई. नकाशात पाहिले तर वाळकेश्वर ते ठाकूरद्वार हे अंतर दोनशे पाहुण्यांत सर्वांत कमी, तीन-एक किलोमीटर. डोंबिवलीचे लोक निवांत पोचणार आणि वाळकेश्वरच्या माई पोचणार नाहीत, असा तो देखावा होता. कारण मलबार हिलच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला शर्यत. चौपाटीकडून उतरा की केम्प्स कॉर्नरकडून, दोरी ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पायी माणूस पोलिसाला विचारून, धावणाऱ्यांच्या दोन घोळक्यांमधल्या फटीतून पलीकडे जाऊ शकतो. खुर्चीतल्या माईंना ती घाई कशी जमावी? रुग्णवाहिकेला वाट देतात, पण लग्नासाठी रुग्णवाहिका बोलावणे म्हणजे खऱ्या आजाऱ्याची वाट अडवणे. ती सूचना करणाऱ्या भाच्याला मी तिथेच गप्प केले.

उपाय सोपा होता. माईंनी शनिवारीच गिरगावात मुक्कामाला यायचे. पण माई ऐकेनात. रात्री घराबाहेर झोपायचे नाही, सकाळची देवपूजा चुकवायची नाही, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. वहिनीने विनवले, दादाने विनवले. माई म्हणाल्या, "शर्यत त्यांची, आणि माझे देव का हलवायचे?" खरे सांगते, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच शर्यतीत ज्येष्ठ नागरिकांची वेगळी धाव असते आणि माईंच्या वयाची माणसे हसतमुखाने तिथे चालतात, हे मला आवडते. धर्मादाय संस्थांना त्या दिवशी मोठा निधी मिळतो, तेही चांगले. पण एका म्हातारीने एरवीच्या रविवारी दहा मिनिटांत जायचे तिथे जाता येऊ नये, ही किंमत कोणी भरली हे पदकावर लिहिलेले नसते.

शेवटी माईंना तयार केले ते आमच्यापैकी कोणी नव्हे, तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईंनी. या बाई गोवंडीहून रोज येतात. हार्बरने सीएसएमटी आणि पुढे बस, अशी त्यांची वाट. आदल्या वर्षीच्या मॅरेथॉनला बस बंद म्हणून त्या ग्रँट रोडला उतरून चालत निघाल्या आणि केम्प्स कॉर्नरला कठड्यापाशी बराच वेळ तिष्ठत उभ्या राहिल्या. त्याआधी दुसऱ्या एका घरी काम करीत तेव्हा याच कारणाने उशीर झाला म्हणून त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता. त्या माईंना म्हणाल्या, "माई, तुम्ही शनिवारी निघालात तर मलापण तिकडंच राहता येईल. नाहीतर रविवारी मी तुमच्यापर्यंत कधी पोचणार आणि तुम्हाला आंघोळ कोण घालणार?" माई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शाळिग्राम मऊ फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात ठेवायला सांगितले. "जिथे मी, तिथे ते," म्हणाल्या, आणि विषय संपला.

त्यामुळे एक जुनी गोष्ट आमच्याकडे परत आली. माझ्या लहानपणी लग्न म्हटले की आदल्या रात्री घर पाहुण्यांनी भरून जाई. गाद्या अंथरायच्या, विड्या कुटणारी आजी, रात्री उशिरापर्यंत गप्पा. हल्ली पाहुणे मुहूर्ताला दहा मिनिटे असताना येतात आणि आइस्क्रीम खाऊन जातात. त्या शनिवारी मात्र माईंच्या सोबतीला म्हणून वहिनीच्या दोन बहिणी राहिल्या, वरळीची आत्तेबहीण "उद्या निघता येईल की नाही कोण जाणे" म्हणून मुलांसह आली, प्रभादेवीचे गुरुजीही रात्रीच आले. कार्यालयाच्या दोन खोल्यांत एकवीस माणसे झोपली. झोपली म्हणायचे एवढेच. दोन वाजेपर्यंत माई आपल्या लग्नातल्या गोष्टी सांगत होत्या आणि नवरी मेंदीचे हात वर धरून ऐकत होती.

नवरीचा साजशृंगार करणारी मुलगी कल्याणची. शर्यतीसाठी रेल्वे पहाटे जादा लोकल सोडते, ती तिने पकडली. आल्यावर ती हसू आवरत सांगत होती, "सगळा डबा अर्ध्या चड्ड्या आणि छातीवर नंबर लावलेल्यांचा, आणि मधे मी साडी नेसून, हातात पेटी. एका काकांनी विचारलं, तुमचा नंबर कुठला?" ती भायखळ्याला उतरून टॅक्सीने आली आणि सर्वांआधी पोचली.

वरपक्ष आठ वाजून दहा मिनिटांनी चर्नी रोडला उतरला, समुद्राकडे पाठ केली आणि सनईच्या आवाजावर चालत आला. नवरदेव फेट्यासह लोकलने आल्यामुळे डब्यात त्याचे एवढे स्वागत झाले की मोटारीत बसून ते मिळाले नसते. पुण्याची मंडळीही वेळेत. अडकले ते एकटे आमचे पार्ल्याचे मावसभाऊ. चिठ्ठी त्यांनाही गेली होती. पण 'रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात' या आपल्या तीस वर्षांच्या अनुभवावर विसंबून ते मोटारीने सागरी सेतूच्या तोंडाशी गेले. तिथून पोलिसाने वळवले, तर पुढे माहीमलाही तोच प्रकार. मग धारावी, शीव करीत आंबेडकर रोडला लागले. आले तेव्हा मंगलाष्टके होऊन तीन पाव तास उलटला होता. त्यांच्या वाटणीच्या अक्षता वहिनीने पुडीत बांधून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या जेवणाच्या पंगतीतच वधूवरांवर टाकल्या. काही मठ्ठ्यात पडल्या.

पहिली अक्षता माईंचीच पडली.

एवढ्या खटाटोपानंतर मला काही गोष्टी पालिकेला, पोलिसांना आणि शर्यत भरवणाऱ्यांना सांगाव्याशा वाटतात. शर्यतीच्या वाटेवर जी घरे दोरीच्या आत सापडतात त्यांची यादी करणे कठीण नाही. मलबार हिल, ब्रीच कँडी, वरळीचा किनारा. त्या घरांत आठ दिवस आधी एक कागद पोचवा. त्यावर सोप्या भाषेत लिहा, रस्त्याचे दोन्ही नाव लिहा आणि पायी पलीकडे जाण्याच्या जागा कोणत्या, किती वाजता, ते लिहा. तिथे घरकाम करायला येणाऱ्या बायांसाठी, परिचारिकांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी ओलांडण्याच्या ठरीव वेळा असल्या तर कोणाची धाव मंदावणार नाही. धावणाऱ्याला दर थोड्या अंतरावर पाणी मिळते. थांबणाऱ्याला निदान किती थांबायचे हे तरी कळावे.

आणि वाचकहो, तुमच्याही घरी संक्रांतीनंतरचा मुहूर्त निघाला तर परतीचा विचार विसरू नका. येताना दक्षिणेकडे येणाऱ्या गाड्या मोकळ्या असतात, पण सकाळी नऊनंतर गळ्यात पदके घातलेली माणसे लंगडत लंगडत उत्तरेच्या गाड्यांत चढतात आणि गर्दी उलटी होते. शिवाय रविवार म्हणजे गाड्या कमी, आणि मेगाब्लॉक बहुधा साडेदहा-अकराला सुरू होऊन तीन-चारपर्यंत चालतो. तो कोणत्या मार्गावर आहे हे शनिवारच्या वर्तमानपत्रात येते. ते कापून पत्रिकेच्या पाकिटात ठेवा. मी तर ब्लॉक असो वा नसो, वऱ्हाडाला चारच्या आधी हलूच दिले नाही. दुपारी रस्ते मोकळे झाले, कठडे बाजूला झाले. वऱ्हाडाने तोवर दुसरी पंगत आणि उखाण्यांची एक फेरी उरकली, आणि मग सगळे चर्नी रोडला धीम्या गाडीत बसून दादरच्या वाटेला लागले. नवरा-नवरी तेवढी मोटारीने पूर्वेकडून गेली.

संध्याकाळी वहिनी माईंना म्हणाली, "आई, आता रस्ता उघडला, सोडू का घरी?" माईंनी डबा उघडून देव पाटावर मांडले होते. त्या म्हणाल्या, "आता आलेच आहे तर मंगळवारी सोळा बायकांचे हळदीकुंकू करून जाते. तिळगुळ आहे ना घरात?"